मेटाबॉलिक रेग्युलेशन आणि सेल सिग्नलिंग : सगळं पाठ आहे पण कळत नाहीये, तुम्ही कसं शिकलात?

पेशीतली_पोर (सोमवार, रात्री ११:१०)

नमस्कार मंडळी, मी एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला आहे, दुसरं सेमिस्टर चालू आहे. दहावीपर्यंत मराठी मिडियम, बीएस्सी तालुक्याच्या कॉलेजात. पाठांतर चांगलं आहे माझं, ग्लायकोलिसिसच्या (ग्लुकोज तोडायच्या) दहा स्टेप, क्रेब्स सायकल, युरिया सायकल, सगळं स्ट्रक्चरसकट येतं, हॉस्टेलच्या खोलीत पलंगाच्या बाजूची अख्खी भिंत चार्टनी भरलीये.

तरी परवाच्या इंटर्नलला दहापैकी दोन मिळाले. प्रश्न असा होता की एक माणूस काल रात्री जेवला, आज दुपारपर्यंत त्याने काहीच खाल्लं नाही, तर त्याच्या लिव्हरमधे आणि स्नायूत काय चालू असेल काय बंद असेल ते कारणासह लिहा. मी दोन पानं ग्लायकोजेन (साठवलेलं ग्लुकोज) ब्रेकडाऊन लिहिलं, ग्लुकागॉन (उपाशीपणी वाढणारा हार्मोन), सी-एएमपी (त्याचा निरोप पेशीत नेणारा रेणू), पीकेए (त्या निरोपाने चालू होऊन फॉस्फेट लावणारं एंझाइम), सगळे बाण काढले, आणि लिव्हरला जे लिहिलं तेच स्नायूला लिहिलं. सरांनी खाली लिहिलंय, "हे सगळं बरोबर आहे, पण मी हे विचारलं नव्हतं." दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

अजून एक कारण आहे. पप्पांना आठ वर्षं शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. ते विचारतात तू हेच शिकतेस ना मग सांग ही गोळी नक्की करते काय, आणि मला धड चार वाक्यं सांगता येत नाहीत. हा विषय मला खरंच समजून घ्यायचाय, नुसता पास व्हायचा नाहीये. कुठून सुरुवात करू?

रंकाळा (सोमवार, रात्री ११:५२)

माझं पण एमएस्सीला अगदी हेच झालेलं, त्यामुळे घाबरू नकोस. पाथवे पाठ असणं वाया जात नाही, तो रस्त्यांचा नकाशा झाला, आता सिग्नल कुठे कुठे आहेत आणि लाल कधी हिरवा कधी ते शिकायचं राहिलंय. सगळे बाण सारखे महत्त्वाचे नसतात बघ. ग्लायकोलिसिसच्या दहापैकी तीनच स्टेप उलट फिरत नाहीत, हेक्सोकायनेज, पीएफके-१ आणि पायरुव्हेट कायनेज, आणि कंट्रोल पण तिथंच आहे. मी भिंतीवरच्या चार्टवर तेवढ्यांनाच लाल पेनने गोल केले होते आणि महिनाभर बाकीच्यांकडे बघितलंच नाही.

जुना_केमिस्ट (मंगळवार, सकाळी ६:४०)

अगं, तुझ्या सरांनी प्रश्न फार चांगला काढलाय. मी तीस वर्षं हा विषय शिकवला, आता रिटायर आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

तू "काय होतं" ते लिहिलंस, प्रश्न "कुठे आणि कशासाठी" असा होता. रेग्युलेशन शिकताना आधी तीन गोष्टी ठरवायच्या. कुठली पेशी? पोट भरलेलं की उपाशी? आणि त्या पेशीचं शरीरात काम काय? हे ठरल्याशिवाय वहीवर एकही बाण काढायचा नाही. मी वर्गात नेहमी एकादशीचं उदाहरण घ्यायचो, तेच इथे घेऊ.

दशमीच्या रात्री जेवण झालं, रक्तात ग्लुकोज वाढलं, इन्सुलिन वर गेलं. लिव्हरने त्यातलं बरंचसं ग्लुकोज घेऊन ग्लायकोजेन म्हणून साठवलं, साधारण १०० ग्रॅम. स्नायूंनी पण साठवलं, सगळे स्नायू मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास. आता एकादशीची सकाळ, निर्जळी धर. मेंदूला रोज १२० ग्रॅमच्या जवळपास ग्लुकोज लागतं आणि मेंदू काही एकादशी धरत नाही. इन्सुलिन खाली येतं, ग्लुकागॉन वर जातं. आता मला सांग, ४०० ग्रॅमचा साठा स्नायूत पडलाय तर तोच आधी का नाही काढायचा?

कारण स्नायूकडे ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे एंझाइम नाही. ग्लायकोजेन तोडून त्याला ग्लुकोज-६-फॉस्फेट मिळतं, पण फॉस्फेट चिकटलेलं ग्लुकोज पेशीच्या बाहेर पडत नाही. लिव्हरकडे ते एंझाइम आहे. मी मुलांना सांगायचो की लिव्हर म्हणजे गावची सामायिक विहीर आणि स्नायू म्हणजे ज्याच्या त्याच्या घरातला रांजण, रांजणातलं पाणी घरातच संपवायचं. मग रांजणाला गावच्या दुष्काळाची दवंडी ऐकून उपयोग काय? म्हणून स्नायूवर ग्लुकागॉनचे रिसेप्टर जवळपास नसतातच. तू स्नायूला ग्लुकागॉन लिहिलंस, तिथेच सरांना कळलं की पाठ केलंय. स्नायू दोन गोष्टींना उत्तर देतो, एक अॅड्रेनालिन, म्हणजे पळायची किंवा लढायची वेळ आली, आणि दुसरं कॅल्शियम, जे स्नायू आकुंचन पावताना आतच सुटतं आणि फॉस्फोरिलेज कायनेजला (ग्लायकोजेन तोडणाऱ्या फॉस्फोरिलेजला जागं करणाऱ्या एंझाइमला) चालू करतं. रांजण फोडायचा हुकूम घरातल्या कामावरून निघतो. लिव्हरला हुकूम गावातून येतो.

आणि हो, साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपवास पेशीच्या हिशोबात उपवास नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, बटाटा तसाच, वरीचा भात पण त्याच घरचा. अमायलेजला त्यातलं व्रत कळत नाही, तासाभरात ग्लुकोज रक्तात आणि इन्सुलिन वर. हे मी श्रद्धेबद्दल बोलत नाहीये, मी स्वतः एकादशी करतो. पण परीक्षेत "उपाशी" शब्द आला की पोटात खरंच काही आहे का ते आधी बघ.

टेस्टट्यूब_२२ (मंगळवार, सकाळी ९:१५)

सर हे वाचून मला पण पहिल्यांदा नीट कळलं. एक बेसिक शंका विचारू का. आम्हाला बीएस्सीला सांगितलं होतं की फॉस्फोरिलेशन, म्हणजे फॉस्फेट लागणं, म्हणजे एंझाइम ऑन. मग ग्लायकोजेन सिंथेजला फॉस्फेट लागलं की ते ऑफ कसं होतं? मी हे दरवेळी पेपरात उलटं लिहितो.

ऱ्हाईनकाठ (मंगळवार, दुपारी १:३०)

मी जर्मनीत पोस्टडॉक करतेय, किनेजवरच (म्हणजे कायनेज, फॉस्फेट चढवणारी एंझाइम) काम आहे, म्हणून हे मी घेते.

फॉस्फेट म्हणजे ऑन हे डोक्यातून काढूनच टाक. फॉस्फेट हा निगेटिव्ह चार्जचा एक गट आहे, तो सेरीनवर, थ्रिओनिनवर किंवा टायरोसिनवर बसला की प्रोटीनचा आकार बदलतो, बस एवढंच. त्या बदलाने काम वाढेल की थांबेल हे त्या त्या प्रोटीनवर आहे. गंमत बघ, तोडणारं फॉस्फोरिलेज आणि जोडणारं सिंथेज दोघांनाही उपाशीपणात फॉस्फेट लागतं, पहिलं त्याने चालू होतं, दुसरं बंद. एका हुकुमात दोन्ही कामं. हुकूम एकच असून दोन्ही एंझाइम एकाच वेळी चालू राहिली असती तर पेशी एका हाताने ग्लायकोजेन बांधत आणि दुसऱ्या हाताने तोडत बसली असती आणि एटीपी फुकट जळलं असतं. म्हणून पाठ करायचंच असेल तर "उपाशीपणात लिव्हरमधे फॉस्फेट चढतं, जेवल्यावर उतरतं" एवढं कर, आणि मग प्रत्येक एंझाइमला विचार की उपाशी असताना तू चालू हवंस का बंद.

हे सापडलं कसं ते वाचलंत तर जास्त लक्षात राहील. सेंट लुईसमधे कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्याने फॉस्फोरिलेजवर काम केलं, १९४७ चं नोबेल त्यांना मिळालं, मेडिसिनचं नोबेल मिळालेली गर्टी ही पहिली बाई. त्यांना एंझाइमची दोन रूपं माहीत होती, ए आणि बी, एकाचं दुसरं कसं होतं ते माहीत नव्हतं. मग १९५० च्या दशकात सिएटलला फिशर आणि क्रेब्स (सायकलवाला क्रेब्स वेगळा, हा एडविन) तेच एंझाइम काढायला बसले. कोरींच्या कृतीत स्नायूचा अर्क फिल्टर पेपरमधून गाळायचा होता, यांनी सेंट्रिफ्यूज केलं, आणि चालू असलेल्या ए रूपाऐवजी नुसतं बी हातात आलं. शोधता शोधता कळलं की फिल्टर पेपरमधून कॅल्शियम सुटत होतं, ते अर्कातल्या किनेजला जागं करत होतं आणि अर्कातल्याच एटीपीमधलं फॉस्फेट एंझाइमवर बसत होतं. सरांनी वर जे लिहिलं की स्नायूत कॅल्शियम हुकूम देतं, तीच गोष्ट त्या कागदात घडत होती. या कामाला १९९२ चं नोबेल मिळालं. माझा एखादा प्रयोग एकदा होतो आणि दुसऱ्यांदा होत नाही तेव्हा मी या फिल्टर पेपरची आठवण काढते आणि बफर, प्लास्टिक, पाणी, एकेक गोष्ट तपासत जाते.

अर्ल सदरलँड या शास्त्रज्ञाचं काम पण असंच हाताला लागेल असं आहे. त्याने लिव्हर वाटून त्याचे दोन भाग केले, खाली बसलेला गाळ आणि वरचं पाणी. फॉस्फोरिलेज वरच्या पाण्यात होतं, पण नुसत्या त्या पाण्यात अॅड्रेनालिन टाकलं तर ढिम्म काही होईना. मग गाळात अॅड्रेनालिन आणि एटीपी घातलं, तिथे जे तयार झालं ते उकळलं, आणि ते वरच्या पाण्यात घातल्यावर एंझाइम चालू झालं. म्हणजे हार्मोन मेंब्रेनपाशीच (पेशीच्या आवरणापाशीच) थांबला आणि आत निरोप घेऊन दुसरंच कोणीतरी गेलं, ते लहान होतं आणि उकळून मरत नव्हतं म्हणजे प्रोटीन नव्हतं. तेच सी-एएमपी, याचं नोबेल १९७१. सेकंड मेसेंजर ही व्याख्या पाठ करण्याआधी हा प्रयोग एकदा कागदावर काढून बघ, दोन भांडी आणि मधे एक बाण, व्याख्या आपोआप येते.

रंकाळा (मंगळवार, दुपारी २:०५)

फॉस्फेटवरून आठवलं म्हणून सांगतो. बीएस्सीला आपण सगळ्यांनी फॉस्फरस एस्टिमेशन केलेलं असतं, अॅसिड मॉलिब्डेट घालायचं, मग एएनएसए हे रसायन, मग थांबायचं, निळा रंग येतो, ६६० ला रीडिंग घ्यायचं. जर्नलमधे मेथड म्हणून फिस्के-सुब्बाराव लिहिलेलं असतं, मला कितीतरी दिवस वाटायचं दोघंही परदेशी असणार. येल्लाप्रगडा सुब्बाराव भीमावरमचे, आंध्रचे, १८९५ चा जन्म. हार्वर्डला फिस्केंबरोबर १९२५ मधे ही मेथड काढली आणि तीच वापरून स्नायूत फॉस्फोक्रिएटिन दाखवलं, १९२९ मधे स्नायूतलं एटीपी पण दाखवलं, त्याच वर्षी जर्मनीत लोहमाननेही स्वतंत्रपणे. वर ज्या एटीपीबद्दल बोलणं चाललंय ना ते मोजायचं साधन आपल्याकडच्या माणसाच्या हातून आलंय, हे आम्हाला प्रॅक्टिकलच्या वेळी कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.

डॉ_सोलापूरकर (मंगळवार, रात्री १०:२०)

मी फिजिशियन आहे, एमबीबीएसला बायोकेमिस्ट्री कशीबशी काढली आणि खरी कळली वॉर्डात. त्यामुळे माझी सूचना एकच, प्रत्येक सिग्नल बंद कसा होतो ते आधी शिक. पोरं चालू कसा होतो ते लिहितात आणि थांबतात. जी प्रोटीनवर (रिसेप्टरचा निरोप आत पोचवणाऱ्या प्रोटीनवर) जीटीपी बसलं की ते चालू, आणि ते स्वतःच हळूहळू जीटीपीचं जीडीपी करतं आणि बंद पडतं. सी-एएमपीला फॉस्फोडायएस्टरेज तोडतं. फॉस्फेट चढवायला किनेज तसं उतरवायला फॉस्फेटेज.

बंद झालं नाही तर काय होतं ते बघायचं असेल तर कॉलरा बघ. कॉलराचं टॉक्सिन आतड्याच्या पेशीत जाऊन जीएस अल्फावर (सी-एएमपी वाढवणाऱ्या जी प्रोटीनच्या भागावर) एडीपी-रायबोज चिकटवतं, त्यामुळे त्याला जीटीपी तोडता येत नाही, स्विच ऑनवरच अडकतो. सी-एएमपी वाढतच जातं, पीकेए सीएफटीआर हे क्लोराइडचं चॅनल उघडं ठेवतं, क्लोराइड बाहेर, मागोमाग सोडियम आणि पाणी बाहेर. पेशंट तासाभरात लिटरभर पाणी घालवू शकतो, डोळे खोल जातात, हाताच्या बोटांची कातडी खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतते. मी इंटर्नशिपला असा एक म्हातारा बघितला होता, नाडी लागत नव्हती, दोन्ही हातांना सलाईन लावल्यावर चार तासांत उठून बसला आणि चहा मागितला. एका प्रोटीनचं बंद होणं अडलं एवढ्यावरून माणूस त्या टोकाला गेला होता.

टॉक्सिन असतं हे १९५९ मधे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवलं, जंतू गाळून काढलेलं पाणी सशाच्या आतड्यात घालून. आणि उपाय पण पेशीच्या अभ्यासातूनच आला. सीएफटीआर उघडा राहिला तरी सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारं दार, एसजीएलटी-१, शाबूत असतं. म्हणून मीठ-साखर-पाणी प्यायलं की सोडियम आत जातो आणि पाणी त्याच्या मागे. १९७१ मधे बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर हेच पाजलं, मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांखाली आलं. ओआरएसमधे साखर चवीसाठी नसते हे मी पेशंटच्या घरच्यांना अजून रोज सांगतो.

आता तुझ्या पप्पांची गोळी. मेटफॉर्मिन मुख्यतः लिव्हरवर काम करतं, उपाशीपणी लिव्हर जे नवीन ग्लुकोज बनवत असतं ते कमी करतं. ते मायटोकॉन्ड्रियाच्या कॉम्प्लेक्स-१ ला (एटीपी बनवायच्या साखळीतल्या पहिल्या कडीला) थोडं आवरतं, पेशीत एएमपी वाढतं, एएमपीके (ऊर्जा कमी पडली की चालू होणारं किनेज) जागं होतं, आणि नवीन ग्लुकोज बनवणं हे एटीपी खाणारं काम असल्याने ते मंदावतं. याहून बऱ्याच वाटा आहेत आणि त्यावर अजून वाद चालू आहेत, पण घरी सांगायला एवढं पुरे. टाइप २ मधे अडचण अशी असते की जेवण झालेलं असतानाही लिव्हरला इन्सुलिनचा निरोप नीट पोचत नाही, ते एकादशी असल्यासारखंच वागत राहतं.

पप्पांना जेवल्यावर चालायला पण सांग, आणि का ते पण सांग. ग्लुकोज आत घेणारं ग्लुट-४ हे दार स्नायूच्या पेशीत आत दडवलेलं असतं, इन्सुलिन आलं की पीआय-३ किनेज, मग एकेटी, मग ते दार मेंब्रेनवर येतं. पण स्नायू काम करत असेल तर कॅल्शियम आणि एएमपीकेच्या वाटेने तेच दार इन्सुलिनशिवायही वर येतं. त्यांची पहिली वाट अडलीये, दुसरी उघडी आहे. गोळीत बदल मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मधे लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधे आला होता, दोघांचा बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. मी तो क्लिनिकमधे लावलाय. "मी तर बारीक आहे मला शुगर कशी" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवतो.

पेशीतली_पोर (बुधवार, रात्री १२:४०)

सगळ्यांचे खूप आभार, मी दोन रात्री हेच वाचतेय. भिंतीवरचे सगळे चार्ट काढले आणि एकच मोठा कागद लावला, मधे रेघ, एका बाजूला लिव्हर, एका बाजूला स्नायू. इंटर्नलचा प्रश्न परत लिहिला, बघाल का कोणी?

लिव्हर, दुपार, उपाशी. ग्लुकागॉन वर, सी-एएमपी वर, पीकेए चालू. फॉस्फोरिलेज कायनेज आणि त्यातून फॉस्फोरिलेज चालू, सिंथेज बंद. पीएफके-२ ला (फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट बनवणारं आणि तोडणारं दोन बाजूंचं एंझाइम) फॉस्फेट लागतं त्यामुळे त्याची किनेजची बाजू बंद आणि फॉस्फेटेजची बाजू चालू, म्हणून पीएफके-१ ला जोर देणारं फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट कमी, म्हणून पीएफके-१ मंद, ग्लायकोलिसिस मंद, ग्लुकोनिओजेनेसिस (नवीन ग्लुकोज बनवणं) चालू. लिव्हर स्वतः ग्लुकोज खात नाही, दुसऱ्यांसाठी सोडतं. स्नायू आरामात आहे, ग्लुकागॉन ऐकत नाही, इन्सुलिन कमी म्हणून ग्लुट-४ आत, तो फॅटी अॅसिड जाळतो. ग्लायकोजेन तसंच ठेवतो. आणि चरबीपासून मिळालेल्या अॅसिटिल-कोएपासून लिव्हर ग्लुकोज बनवतं.

जुना_केमिस्ट (बुधवार, सकाळी ६:१५)

शेवटचं वाक्य सोडून मी तुला दहापैकी आठ दिले असते. शेवटचं वाक्य चूक आहे आणि ती चूक फार जण करतात. पायरुव्हेटपासून (ग्लायकोलिसिसमधून शेवटी निघतं ते) अॅसिटिल-कोए हा दोन कार्बनचा तुकडा होतो, परत येत नाही, ते दार एकाच बाजूला उघडतं. क्रेब्स सायकलमधे दोन कार्बन आत गेले तर दोन सीओटू म्हणून निघून जातात, हातात शिल्लक काही उरत नाही. चरबीतलं फक्त ग्लिसरॉल ग्लुकोजच्या कामाला येतं. बाकी माल स्नायूतून आलेलं अॅलॅनिन आणि रक्तपेशींकडून आलेलं लॅक्टेट.

पण अॅसिटिल-कोए रिकामं बसत नाही. ते वाढलं की पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजला थांबवतं आणि पायरुव्हेट कार्बोक्सिलेजला चालू करतं, म्हणजे पायरुव्हेट जाळू नका, ग्लुकोजकडे वळवा. स्वतः ग्लुकोज होत नाही, पण दुसऱ्याला तिकडे वळवतं आणि जळून त्या कामाला लागणारं एटीपी पुरवतं. हे लिहिलंस की पेपर तपासणारा पेन खाली ठेवून वाचतो.

आता पुढचा भाग तू लिही. द्वादशीला पारणं सोडलं, वरण-भात खाल्ला, पुढच्या अर्ध्या तासात यातलं काय काय उलटं होईल? फॉस्फेट उतरवणारा कोण ते विसरू नकोस. आणि मॅलोनिल-कोए (फॅटी अॅसिड बनवायचा कच्चा माल) कुठेतरी यायला हवं.

टेस्टट्यूब_२२ (बुधवार, सकाळी ९:००)

सर हृदयात पीएफके-२ ला फॉस्फेट लागलं की उलट होतं असं कुठेतरी वाचलं, ते खरं का?

ऱ्हाईनकाठ (बुधवार, दुपारी १२:५०)

खरं आहे. हृदयातलं पीएफके-२ वेगळं रूप आहे, तिथे फॉस्फेट लागलं की किनेजची बाजू वाढते आणि ग्लायकोलिसिस जोरात चालतं. अॅड्रेनालिन आलं म्हणजे हृदयाला जास्त धडधडायचंय, त्याला स्वतःला इंधन जाळायचंय, दुसऱ्याला द्यायचं नाहीये. तोच पीकेए, तेच फॉस्फेट, उत्तर उलटं. सरांनी सांगितलेला पहिला प्रश्न विचारलास की हे पाठ करावं लागत नाही.

पेशीतली_पोर (गुरुवार, रात्री १०:०५)

सर, पारणं लिहिलं. इन्सुलिन वर, ग्लुकागॉन खाली, पीपी-१ हे फॉस्फेटेज सिंथेजवरचं फॉस्फेट उतरवतं म्हणून ते चालू, फॉस्फोरिलेजवरचं पण उतरवतं म्हणून ते बंद. एकेटी जीएसके-३ ला थांबवतं म्हणजे सिंथेजला परत फॉस्फेट लावणारा पण गप्प. पीएफके-२ ची किनेज बाजू परत चालू. अॅसिटिल-कोए कार्बोक्सिलेज चालू, मॅलोनिल-कोए वाढतं, ते सीपीटी-१ (फॅटी अॅसिडचं मायटोकॉन्ड्रियात जायचं दार) अडवतं, म्हणून नवीन बनलेली फॅटी अॅसिड लगेच मायटोकॉन्ड्रियात जाऊन जळत नाहीत. हे शेवटचं मी कुठे बघून लिहिलं नाही, कागदाकडे बघत बसले होते आणि सुचलं की बनवायचं आणि जाळायचं एकत्र चालू असेल तर कोणीतरी दार लावायला हवं.

आज संध्याकाळी पप्पांना फोन केला. लिव्हर, विहीर, रांजण, सगळं सांगितलं, ग्लुट-४ ला "आत दडवलेलं दार" म्हटलं. ते म्हणाले मग जेवल्यावर किती चालू, मी म्हटलं शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्यांपासून सुरू करा. आई मागून म्हणाली मी पण जाते बरोबर.

उद्या सकाळी आठला प्रॅक्टिकल आहे, फॉस्फरस एस्टिमेशनच निघालंय. सर, पारण्यात काही चुकलं असेल तर लिहून ठेवा, मी दुपारी बघते.